त्या ट्रंकेची मालकीण मागच्या खोलीत आहे

सोलापूरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-पत्ता मागे ठेवून, थोडं कमी करून ते इथे देते.

"ताई, माझे सासरे दोन वेळा नगरसेवक आणि एकदा आमदार होते. सात वर्षांपूर्वी ते गेले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा चादरी-टॉवेलचा कारखाना आहे, तो पहिल्यापासून सासूबाईंच्या नावावर. त्यांना घरात सगळे अव्वा म्हणतात. दिवाळीत माळा आवरताना पत्र्याची एक ट्रंक निघाली. आत अव्वांना आलेली हजारेक पत्रं, चादरीच्या काठाच्या पट्ट्यांनी गठ्ठे बांधलेले. सुताच्या व्यापाऱ्यांची, बँकेची, खेड्यातल्या बायकांची, सासऱ्यांनी नागपूरच्या अधिवेशनातून लिहिलेली, अव्वांच्या आईची कानडीतली. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात अव्वांच्या अक्षरात 'उ. दि.', म्हणजे उत्तर दिलं, आणि तारीख. काहींना त्यांनी पाठवलेल्या उत्तराची कार्बन स्थळप्रत टाचलेली. थोरल्या भाऊजींना गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या, आत सासऱ्यांचा स्मृतिग्रंथ काढायचा आहे. ते म्हणतात, मोठ्या पुढाऱ्यांची पत्रं ग्रंथात घालू, धंद्याची रद्दीत द्या आणि घरगुती जाळून टाका, घरातलं बाहेर जायला नको. एका पत्रात सासऱ्यांनी निवडणुकीसाठी अव्वांच्या पाटल्या गहाण ठेवायला सांगितलं आहे. ते आधी जाळा म्हणतात. मी ते माझ्या कपाटात लपवून ठेवलंय. हे सगळं वाचनालयाला देऊन टाकू का? अव्वा ८४ वर्षांच्या आहेत, त्यांना आता फारसं दिसत नाही, मागच्या खोलीत असतात. मी काय करू?"

प्रिय भगिनी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ट्रंकेवर तुम्ही भरभरून लिहिलंत, भाऊजींवर पानभर, आणि अव्वा आल्या त्या शेवटच्या एका ओळीत. माझं मन त्या ओळीवरून हलेना. ज्यांच्या नावाने हजार पत्रं आली, ज्यांनी एकेकाला उत्तर देऊन कोपऱ्यात तारीख घातली, त्या तुमच्याच घरात, दोन भिंतींपलीकडे बसलेल्या आहेत. दिवाळीपासून घरात रद्दी, ग्रंथ, वाचनालय यावर बोलणी चालू आहेत, आणि त्यांना कुणी एका शब्दाने विचारल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही.

तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. तुम्ही नसतात तर ती ट्रंक एव्हाना तराजूत गेली असती. पण भाऊजी त्यांना न विचारता जाळायला निघाले आणि तुम्ही त्यांना न विचारता लपवून ठेवलंत. मनातला हेतू अगदी वेगळा, पण अव्वांच्या बाजूने पाहिलं तर त्यांच्या कागदाचा निकाल दोन्ही वेळा दुसऱ्यांनीच लावला. म्हणून वाचनालयाचा विचार सध्या बाजूला ठेवा. ट्रंक त्यांची आहे, आधी त्यांना सांगा की ती सापडली.

याची घाई का करते ते सांगते. माझी आई तिची पत्रं बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात ठेवायची. ती गेल्यावर दोन वर्षांनी मी तो डबा उघडला. सोळा पत्रं एकाच बाईची होती, सगळ्यांखाली सही 'तुझी बाळूची आई'. काय अक्षर, काय माया! एका पत्रात आईने दिलेल्या पैशांचा उल्लेख, एकात 'तू नसतीस तर मी विहीर जवळ केली असती' असं वाक्य. कोण ही बाळूची आई? मामाला विचारलं, मावशीला विचारलं, जुन्या वाड्यातल्या शेजाऱ्यांना विचारलं. कुणाला माहीत नाही. एकाच माणसाला माहीत होतं आणि मी विचारायला दोन वर्षं उशीर केला. तुमच्या ट्रंकेत अशा किती बाळूच्या आया असतील! आज त्या सगळ्यांची नावं अव्वांच्या डोक्यात आहेत.

कसं करायचं, तेही सांगते. सगळी ट्रंक त्यांच्यासमोर ओतू नका, त्या भांबावतील. जेवण, वामकुक्षी झाली की एकच गठ्ठा घेऊन जा. आधी तो त्यांच्या हातात द्या. दिसत नसलं तरी ती काठाची पट्टी त्यांची बोटं ओळखतील, कारण गाठ त्यांनीच मारलेली आहे. मग विचारा, 'अव्वा, वाचून दाखवू का?' हो म्हणाल्या तरच वाचा. पहिल्या दिवशी पाटल्यांचं पत्र नको, सुताच्या व्यापाऱ्याचं एखादं घ्या. भाव, गाठी, लॉरीची पावती, मागची बाकी, असलं कोरडं. कोरड्या पत्रावर माणूस मोकळं बोलतं, हा माझा अनुभव आहे. त्या बोलायला लागल्या की फोनवर आवाज टिपून ठेवा, पण 'मी हे टिपतेय' असं आधी सांगून. त्या जे सांगतील ते वेगळ्या वहीत लिहा, मूळ पत्रावर पेनाने काहीही लिहू नका. अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवू नका. 'हे ठेव बाजूला' म्हणाल्या तर ते बाजूला ठेवायचं. का, असं विचारायचं नाही.

आता धंद्याचं, राजकारणाचं आणि घरगुती असे तीन ढीग करायच्या भाऊजींच्या बेताबद्दल. कृपा करून हे होऊ देऊ नका. तुम्हीच लिहिलंय की एका व्यापाऱ्याच्या पत्रात सुताचा भाव आहे, खाली पुतण्याच्या कॉलेजप्रवेशासाठी 'साहेबांच्या कानावर घालावे' अशी विनंती आहे आणि कडेला उभ्या ओळीत लेकीला मुलगी झाल्याची बातमी आहे. हे पत्र कुठल्या ढिगात टाकणार? अव्वांच्या आयुष्यात हे तीन कप्पे नव्हतेच. एकाच टेबलावर, एकाच दुपारी, मागावरच्या मजुरीचा हिशोब, कुणाच्या बदलीचा अर्ज आणि आईच्या गुडघेदुखीची चौकशी, सगळं व्हायचं. ते पत्र जसं आहे तसंच त्या बाईचं खरं चरित्र आहे. म्हणून त्यांनी बांधलेले गठ्ठे सोडून पुन्हा लावू नका. कुठलं पत्र कुठल्याच्या शेजारी ठेवलं यातही त्यांचा विचार आहे. जुनी कागदपत्रं सांभाळणारे लोकही पहिला नियम हाच पाळतात, ज्याने ठेवलं त्याचा क्रम मोडायचा नाही. प्रत्येक गठ्ठ्याला नंबर द्या, आतल्या पत्रांना क्रमांक द्या, पेन्सिलने, मागच्या कोपऱ्यात बारीक. झालं.

'बायकांच्या पत्रात काय असणार?' हा प्रश्न भाऊजी विचारतील, म्हणून थोडं लिहिते. सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आज आपल्याला वाचायला मिळतात, १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. शेवटचं २० एप्रिल १८७७ चं, ओतूरहून लिहिलेलं. दुष्काळ आहे, जनावरं पडून मरताहेत, माणसं गाव सोडून चालली आहेत, आणि तिथे काय काम चाललंय ते एक बायको नवऱ्याला कळवते आहे. ते घरगुती पत्र म्हणून कुणी चुलीत घातलं असतं तर? यशवंतराव चव्हाण परदेश दौऱ्यांवरून वेणूताईंना लिहीत, ती पत्रं पुढे छापली गेली आणि लोकांनी आवडीने वाचली. मोठा माणूस बायकोला जे लिहितो ते भाषणात बोलत नाही, म्हणून ती वाचावीशी वाटतात.

तुमच्या ट्रंकेत तर १९७२ च्या दुष्काळातली पोस्टकार्डं आहेत! 'वहिनीसाहेबांस सा. न. वि. वि.' अशी सुरुवात, वर 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न', आणि शेवटी 'गड्ड्याला आल्यावर भेटते'. तुम्ही उतरवून पाठवलेलं ते एक कार्ड वाचून मी बराच वेळ गप्प बसले. खडी फोडायच्या कामावर नाव घातलं पण मजुरीचा हप्ता मिळाला नाही, मिलो (रेशनवरची लाल ज्वारी) खाऊन लेकराचं पोट बिघडलं, सुकडी (दुष्काळात वाटायचा पौष्टिक खाऊ) शाळेतल्या पोरांनाच मिळते, धाकटं घरीच आहे त्याचं काय? आणि कोपऱ्यात अव्वांचं 'उ. दि.', चारच दिवसांनंतरची तारीख. सरकारी दप्तरात त्या वर्षी किती कामं काढली, किती मजूर होते, हे सगळं सापडेल. शाळेत न जाणाऱ्या धाकट्याच्या वाट्याला सुकडी येत नव्हती, हे कुठे सापडणार? आपला जिल्हा त्या वर्षी कसा होरपळला हे ज्यांना आठवतं ती माणसं आता थोडीच राहिली. तुमच्याकडे त्यांचे कागद आहेत.

पण याच पोस्टकार्डांबाबत तुम्हाला फार जपून वागावं लागेल. नवरा मारतो, दीर जमिनीचा हिस्सा देत नाही, मुलीचं लग्न मोडलं, असं ज्यांनी लिहिलं त्यांनी ते अव्वांना लिहिलं. तुम्हाला नाही, मला नाही, वाचनालयात येणाऱ्याला तर मुळीच नाही. आमदाराकडे अर्ज करायची हिंमत नसलेल्या बाया 'वहिनीं'ना लिहीत, कारण वहिनी कुणाला सांगणार नाहीत याची खात्री होती. त्यांतल्या कित्येक आज हयात असतील, त्यांच्या सुना-नातवंडं त्याच गावात राहतात. गावाचं आणि आडनावाचं एक पत्र छापलं की पन्नास वर्षांपूर्वीची जखम चावडीवर येते. म्हणून अशी पत्रं वेगळ्या यादीत नोंदवा, गठ्ठ्यातून काढू नका, पण कुणाला दाखवूही नका. पुढे कुठल्या संस्थेला द्यायची वेळ आली तर अमुक वर्षं ही बंद राहतील, नावं उघड होणार नाहीत, अशी अट लेखी घालता येते. किती वर्षं, ते अव्वांनी ठरवू दे.

कायद्याचंही एकदा समजून घ्या. आलेलं पत्र, म्हणजे तो कागद, ज्याला आला त्याच्या मालकीचा. त्यावरच्या मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हा हक्क साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे भाऊजींना ज्या मोठ्या पुढाऱ्यांची पत्रं ग्रंथात छापायची आहेत, त्यांच्या घरच्यांची लेखी परवानगी त्यांनी आधी घ्यायला हवी. आणि कागद छापायला द्यायचा तर मालकिणीची, म्हणजे अव्वांची. त्या हयात असताना हा अधिकार थोरल्या मुलाकडे जात नाही. सुनेकडेही येत नाही. ग्रंथाच्या घाईत हे कुणाच्या लक्षात येत नाही आणि मग प्रकाशनानंतर नोटीस येते.

धंद्याच्या पत्रांना रद्दी म्हणणं मला अगदीच पटलं नाही. कारखाना अव्वांच्या नावावर आहे असं तुम्ही लिहिता, पण नुसत्या नावावर असता तर स्थळप्रती कशाला राहिल्या असत्या? सूत कुणाकडून कोणत्या भावाने घ्यायचं, कुणाची उधारी थांबवायची, जेकार्डचे (नक्षी विणणारे) माग कधी वाढवायचे, हे त्या स्वतःच्या हाताने लिहीत होत्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे, पण ती चादर विकणारी, कर्ज फेडणारी, मागावरचा सुताचा बीम रिकामा राहू नये म्हणून बँकेला चार पत्रं लिहिणारी बाई कुणाच्या लेखी नाही. ती इथे कार्बनच्या निळ्या अक्षरात बसली आहे. एवढं मात्र करा, भागीदारीचा करारनामा, एमआयडीसीच्या प्लॉटचे कागद, कर्जफेडीचे दाखले असं काही गठ्ठ्यात निघालं तर त्याच्या जागी चिठ्ठी ठेवून तो कागद तुमच्या सीएंना आणि वकिलांना दाखवा. पुढे वाटण्यांच्या वेळी त्याची गरज पडू शकते, आणि भाऊजींनी ती रद्दी न बघता विकली असती तर सगळ्यांनाच महागात पडलं असतं. हे त्यांना सांगा, चटकन पटेल.

आणि ते पाटल्यांचं पत्र. भाऊजींना त्यात वडिलांची नामुष्की दिसते. मला तसं दिसत नाही. निवडणुकीला पैसा लागतो आणि तो कुठून तरी येतो. तो ठेकेदाराकडून न घेता ज्या माणसाने बायकोकडे हात पसरला, त्याची मला तरी लाज वाटणार नाही. पण माझ्या वाटण्याला इथे किंमत नाही. पाटल्या अव्वांच्या होत्या, स्त्रीधन होतं. त्यांनी ते खुशीने दिलं की गिळून दिलं, पुढे सुटल्या की सावकाराकडेच राहिल्या, हे त्याच सांगू शकतात. कदाचित त्या म्हणतील जाळ. तर त्यांच्यादेखत, त्यांच्या हाताने जाळा, मी एका अक्षराने अडवणार नाही. कदाचित म्हणतील ग्रंथात छाप. तेव्हा भाऊजींना ऐकावं लागेल. तुम्ही फक्त एवढं करा, पाच-सहा दिवस त्यांच्याजवळ बसून झालं, सवय झाली, की कपाट उघडा, ते पत्र त्यांच्या हातात द्या आणि सांगा, 'हे माझ्याकडे होतं.'

भाऊजींशी भांडू नका. 'तुम्हाला कळत नाही' अशा सुरात एकही वाक्य नको. 'भाऊजी, ग्रंथात अव्वांचं एक प्रकरण असावं असं मला वाटतं, त्या सांगतील, मी लिहून काढते' असं म्हणा. नवऱ्याला आधी विश्वासात घ्या आणि शक्य झालं तर हे त्यांनाच बोलू द्या, आईचं नाव मुलाच्या तोंडून निघालेलं बरं. सासऱ्यांच्या दारात रोज शंभर माणसं यायची, त्यांचा चहा आणि त्यांची टपाल कोण सांभाळत होतं हे भाऊजींना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते विसरले आहेत, त्यांना आठवू द्या. ग्रंथ गड्ड्याला नाही निघाला तर गुढीपाडव्याला निघेल.

ट्रंकेची काळजी आजपासूनच घ्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टीच, कागद पापडासारखा मोडायला लागतो. ट्रंक खाली आणा, भिंतीपासून वीतभर लांब, लाकडी पाटावर ठेवा म्हणजे वाळवी चढणार नाही. उन्हात घालू नका, शाई उडते. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा, पण कुठली स्थळप्रत कुठल्या पत्राला होती ते सुटू देऊ नका, दोन्ही एका दुमडलेल्या कोऱ्या कागदात ठेवा. चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन तर चुकूनही करायचं नाही, ते परत निघत नाही. गठ्ठे धुतलेल्या मांजरपाटात बांधा. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवली तर चालेल, कागदाला लागता कामा नये. खिडकीजवळ सकाळच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाकिटाचा आणि पोस्टाच्या शिक्क्याचाही. रोज वीस पत्रांचे काढलेत तरी दोन महिन्यांत होईल.

पुढे द्यायचंच ठरलं तर जागा आहेत. तुमच्या गावात हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, अहिल्यादेवींच्या नावाचं विद्यापीठ आहे. शिवाय जुनी दप्तरं सांभाळणारं सरकारचं पुराभिलेख खातं आहे, आणि मुंबईत 'स्पॅरो' ही संस्था १९८८ पासून बायकांच्याच आयुष्याचे कागद, फोटो, आवाज जमवते. प्रत्येकाला आधी विचारा की गठ्ठे एकत्र ठेवणार का, अटी पाळणार का, कानडी पत्रांची नोंद कोण करणार. यातलं काहीही अव्वांच्या हयातीत करायची गरज नाही.

कानडी पत्रं तुम्हाला वाचता येत नाहीत म्हणून तुम्ही खंतावला आहात. सोलापुरात कानडी वाचणारं माणूस शोधायला लांब जावं लागणार नाही, पण शेजारची कुणी आणण्याआधी अव्वांना विचारा, त्यांच्या आईचं पत्र त्यांना कुणाच्या तोंडून ऐकायचं आहे. कदाचित कुणाच्याच नाही.

त्यावरून एक विचारते. 'फारसं दिसत नाही' असं तुम्ही लिहिलंत, पण डॉक्टरांना शेवटचं कधी दाखवलं, ते लिहिलं नाही. या वयात बऱ्याचदा मोतीबिंदू असतो आणि घरात सगळे 'वय झालं' म्हणून सोडून देतात. साधी शस्त्रक्रिया असते, बहुतेकदा माणूस त्याच दिवशी घरी येतं. या आठवड्यात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. आईची पत्रं तोवर बांधलेलीच राहू देत. त्यांना ती स्वतःला वाचता आली तर बघू.